फियाट ठेवू की अँबेसेडर? गाड्या दोन, पार्किंग एकच

ठाकुरद्वार_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आहे. नव्या इमारतीत आम्हाला पार्किंग एकच मिळणार, तेही यांत्रिक, म्हणजे लोखंडी पाळण्यात गाडी ठेवायची. माझ्या पदरात मात्र जुन्या गाड्या दोन आहेत.

पहिली बाबांची फियाट. सगळे तिला पद्मिनी म्हणतात, पण आरसी बुकावर १९७३ साल आणि 'प्रीमियर प्रेसिडेंट' असं नाव आहे. कारण पद्मिनी हे नाव १९७४ पासून लागलं. त्याआधी हीच गाडी १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आली होती. दुसरी मामाची अँबेसेडर, मार्क ३, १९७७ ची. ती वाईला वाड्याच्या पडवीत उभी आहे. मामा गेल्या वर्षी गेला. मामीचं म्हणणं एकच, 'विकू नकोस, चालवणाऱ्याच्या हातात राहू दे.'

मला गाडी शोभेला ठेवायची नाहीये. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह, आठवड्यातून एकदा दादरला आईला सोडणं आणि वर्षातून दोन-तीनदा वाई. एवढं तिने केलं पाहिजे. दोन्ही गाड्या चालवलेल्यांनी मनापासून सांगा: चालायला कुठली चांगली आणि सांभाळायला कुठली सोपी?

माहिती म्हणून आकडे देतो. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास, वजन साधारण ९०० किलो. अँबेसेडर १४८९ सीसी, ५० अश्वशक्ती, वजन ११०० किलोच्या वर. दोन्हींना चार गिअर, दोन्हींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर.

---

पाटा_आणि_पाना

परळला गॅरेज आहे, पंचवीस वर्षं झाली. दोन्ही गाड्यांच्या पोटात हात घातलाय.

तुझ्याच आकड्यांचा भागाकार कर. फियाटला एका अश्वशक्तीमागे साधारण २२ किलो ओढायचे, अँबेसेडरलाही तेवढेच. कागदावर बरोबरी. पण चालवताना दोघींची जात वेगळी आहे. अँबेसेडरचं इंजिन इंग्लंडच्या बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. त्याची पूर्ण ताकद मिनिटाला ४२०० फेऱ्यांनाच मिळते आणि ओढ त्याच्याही खाली. तिसऱ्यात टाकून पाय हलका ठेवला तरी ती गुरगुरत चढते. फियाटला फिरवावं लागतं. इंजिन वर गेलं की मग ती मोकळी होते. ज्याला गिअर बदलायचा कंटाळा त्याने फियाट घेऊ नये.

आता मुद्द्याचं. फियाटचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे, अँबेसेडरचं बिडाचं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात गाडी तापली की बीड सोसतं, ॲल्युमिनियम वाकतं. हेड वाकलं की त्याखालचं पॅकिंग म्हणजे गॅस्केट गेलं, गॅस्केट गेलं की ऑइलमध्ये पाणी. डिपस्टिकला चहाच्या रंगाचा फेस दिसला की मी गिऱ्हाइकाला आधी खुर्ची देतो, मग खर्च सांगतो. फियाट ठेवणार असशील तर पहिला पैसा रेडिएटरवर घाल. कोअर उघडून दांड्याने साफ करून घे, नुसतं पाणी बदलून भागणार नाही. टेम्परेचरचा काटा खरं बोलतोय का तेही तपास. अर्ध्या गाड्यांचे काटे मेलेले असतात आणि मालकाला वाटतं गाडी थंड आहे.

---

मधली_सीट

माझे वडील टॅक्सी चालवायचे. १९८१ पासून तब्येत साथ देईपर्यंत, सगळी फियाटवर. म्हणून लिहायचं धाडस करते.

कलकत्त्याला टॅक्सी म्हणजे अँबेसेडर, मुंबईला फियाट. त्याचं कारण साधं. अँबेसेडर बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनायची आणि फियाट आपल्या कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्यात. गाडी इथली, पार्ट इथले, कारागीर इथले. बाबांना कधी पार्टसाठी दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागली नाही. सकाळी काही तुटलं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जायचं आणि दुपारी पुन्हा धंद्याला लागायचं. टॅक्सीवाल्याच्या घरात तो अर्धा दिवस म्हणजे संध्याकाळचं दूध असतं.

दुसरं कारण गल्ल्या. भुलेश्वर, काळबादेवी, मोहम्मद अली रोडच्या आतल्या बाजूला ती आखूड, अरुंद गाडी वळायची. बाबा ठाकुरद्वारच्या गल्लीत हातगाडी आणि भिंत यांच्या मधून गाडी काढायचे, तेव्हा मी खिडकीबाहेर हात काढायला घाबरायचे.

दुखणीही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. गिअरचा दांडा स्टिअरिंगवर आणि गिअरबॉक्स खाली, मधे सळ्यांची जोडणी. तिचे बुश झिजले की गिअर अडकायचा. भर सिग्नलला बाबा उतरायचे, बोनेट उघडायचे, हाताने सळी सरकवायचे आणि परत येऊन बसायचे. मागून हॉर्नचा कल्लोळ. शेवटी त्यांनी सीटखाली एक जाड कापड ठेवलं होतं, कारण ती सळी इंजिनजवळची, हात भाजायचा. त्यांच्या उजव्या तळव्यावर तो डाग शेवटपर्यंत होता.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे राहिली नाही. त्या दिवशी बाबा असते तर घरात जेवण झालं नसतं. तुमची फियाट शक्य असेल तर ठेवा हो.

---

कशेडी_घाट

अँबेसेडरच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

आमचं कुटुंब डोंबिवलीचं, गाव खेडजवळ. गणपतीला अँबेसेडरमध्ये आम्ही नऊ जण जायचो. पुढच्या सलग सीटवर तीन मोठे आणि मांडीवर एक पोर, मागे चार मोठे आणि पायाशी एक. डिकीत हार्मोनियम, तांदळाचं पोतं आणि आजीची ट्रंक. कशेडी घाट त्या वजनासकट चढायची. मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेले असायचे, पण गाडी खाली घासायची नाही. चाक १५ इंची, फियाटचं १४. खड्ड्यात हा एक इंच कळतो.

पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे स्प्रिंगऐवजी पोलादी दांडी पिळली जाते आणि धक्का खाते. वर्षानुवर्षांनी पुढचा भाग बसला तर दांडीचं सेटिंग करून उंची परत आणता येते. गावातल्या मिस्त्रीलाही ते जमतं.

आणि मागच्या सीटवरचा आराम! माझ्या आजोबांचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, ते फियाटमध्ये वाकून बसूच शकायचे नाहीत. अँबेसेडरमध्ये टोपी न काढता बसायचे. मंत्रालयापासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळीकडे पांढरी अँबेसेडर का होती? साहेबाला ताठ बसून उतरता यायचं म्हणूनच, असं माझं मत आहे.

२४ मे २०१४ ला उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाला, तोवर ती बनत होती. त्यामुळे फियाटपेक्षा तिचे पार्ट अजून मिळतात. हाही व्यवहाराचाच मुद्दा आहे.

---

लालबाग७२

फियाटला +१. बाकी लिहिण्यासारखं मधली_सीट यांनी लिहिलंय.

---

सही_शिक्का

गाडी कुठलीही ठेवा, कागदांचं आधी बघा. तुमची १९७३ ची फियाट पन्नाशीपार आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. ऐकायला छान वाटतं, पण तशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांपुरतीच परवानगी आहे. तुम्हाला आईला दादरला सोडायचंय ना? मग त्या वाटेला जाऊ नका. नेहमीची फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करत राहा, पर्यावरण कर भरा. तुमची जुनी तीन अक्षरी नंबरप्लेटची ओळखही तशीच राहील.

पेट्रोलचंही बोलायला हवं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्राम, रबरी नळ्या, कार्ब्युरेटरची पॅकिंग फुगतात नाहीतर चिरतात. महिनाभर गाडी उभी राहिली तर इथेनॉल हवेतली ओल खेचून घेतं आणि टाकी आतून गंजते. मुंबईत जूननंतर हवेत ओल कमी आहे का? नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवा आणि गाडी दर आठवड्याला चालवा.

---

पाटा_आणि_पाना

पेट्रोलचं निघालंच आहे तर अजून एक. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जुन्या इंजिनात ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला जपायचं. फियाटच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये बैठकीची वेगळी कडी मुळातच बसवलेली असते, कारण नुसतं ॲल्युमिनियम व्हॉल्व्हचे ठोके सोसत नाही. अँबेसेडरच्या बिडाच्या हेडमध्ये बैठक थेट बिडातच कापलेली. त्यामुळे तिथे झीज जास्त होते. हेड कधी खोललंस तर लेथवाल्याकडून कडक कड्या बसवून घे, म्हणजे पुन्हा बघायला नको.

आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा, या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाही. पत्र्याची पेटी हीच गाडीचं हाड. दाराखालचा उंबरा आणि जॅक लावायची जागा कुजली असेल तर वरून कितीही चकचकीत रंग असू दे, गाडी संपली. तिथे चुंबक लाव. लोखंडाला चिकटलं तर ठीक. घसरलं तर आत लांबीचं, म्हणजे पुट्टीचं, पोटीस भरलंय. गिरगावात समुद्र दोन पावलांवर, वाईची हवा कोरडी. मला आधीच वाटतंय की मामाच्या गाडीचा पत्रा चांगला निघणार.

---

ठाकुरद्वार_नाका (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मधली_सीट, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

नुसती चर्चा करण्यापेक्षा दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवून बघायच्या असं ठरवलं. रेडिएटर साफ करून घेतला (पाटा_आणि_पाना, त्यातून निघालेला गाळ बघून मी घाबरलो, चूक माझी, सहा वर्षं बघितलंच नव्हतं) आणि शुक्रवारी पहाटे चारला फियाट घेऊन निघालो. बोरघाट जुन्या रस्त्याने चढलो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खेळत, काटा मधल्या रेघेच्या जरा वर. खंडाळ्याला बोनेट उघडून पाच मिनिटं थांबलो, ते सवयीने. बाबा इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, कारण उष्णतेने पंपात पेट्रोलची वाफ धरली की इंजिन बंद पडतं. मीही ठेवलं. दुपारच्या जेवणाआधी वाईत.

शनिवारी सकाळी साडेसहाला पसरणी घाट. आधी फियाट वर पाचगणीपर्यंत, मग खाली येऊन अँबेसेडर. मामेभाऊ दोन्ही वेळा शेजारी, म्हणजे वजन सारखं.

फियाट हलकी. वळणावर नाक आत घालते, स्टिअरिंग दोन बोटांनी फिरतं. पण दोन्ही गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो सहज पडत नाही. घाटातल्या आवळ वळणावर एसटी समोर आली, वेग गेला आणि दुसऱ्या गिअरमध्ये फियाट थरथरायला लागली. पहिला टाकायचा तर जवळजवळ थांबावंच लागतं, नाहीतर दात करकरतात. मग क्लच दोनदा दाबून, मधे जरा पाय देऊन टाकला. बाबांनी शिकवलेलं हाताला आठवत होतं, डोक्याला नाही.

अँबेसेडरला त्याच वळणावर तशीच एक एसटी मिळाली. मी दुसऱ्यातच ठेवली. गाडी चालत्या माणसाच्या वेगाला आली, एक हुंदका दिला आणि ओढत निघाली. खरं सांगतो, त्या क्षणी मन पूर्ण अँबेसेडरकडे झुकलं.

उतरताना उलट. दोन्हींना चारी चाकांना ड्रम ब्रेक. अँबेसेडरचं वजन उतारावर अंगावर येतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरूनही शेवटच्या टप्प्यात पॅडल लांब गेलं आणि अस्तरांचा जळका वास आला. फियाटला तसं काही झालं नाही.

पेट्रोल: मुंबई ते वाई फियाटने लिटरला १३ च्या जरा वर दिले. अँबेसेडरचं टाकी ते टाकी मोजून ९.

मग चुंबक लावलं. अँबेसेडरचा उंबरा टण्ण. फियाटचा डाव्या बाजूचा, मागच्या चाकापुढचा वीतभर भाग चुंबक धरत नाही.

---

कशेडी_घाट

बघा! हुंदका देऊन ओढत निघते. हेच मला सांगायचं होतं, शब्द सापडत नव्हता. मुंबईत आणा तिला.

---

रविवारची_फेरी

मी स्वतः १९८६ ची पद्मिनी शिवाजी पार्कहून चालवते, माझी रोजची गाडी होती बारा वर्षं. घाटाचं सगळं पटलं. पण धागाकर्ते, तुम्ही वर्षात घाट चढणार तीनदा आणि गाडी पार्क करणार शंभर वेळा. अँबेसेडरचं स्टिअरिंग रॅकचं आहे, चालत्या गाडीत ते नेमकं वाटतं. पण उभ्या गाडीत ते फिरवायला खांदा लागतो. फियाटपेक्षा ती हातभर लांब आणि वीतभर रुंद आहे. दादरच्या प्लाझा सिनेमाच्या मागच्या गल्लीत दोन स्कूटरच्या मधे गाडी लावताना ही वीत आठवेल.

दिसण्याबाबतही. फियाटच्या काचा मोठ्या, खांब बारीक. चारी कोपरे सीटवरून कळतात. त्रिकोणी काच बाहेर वळवली की वारा थेट गळ्यावर येतो. पावसाळ्यात मात्र डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. सकाळी चोक ओढण्याआधी टोपी काढून कोरड्या कापडाने आतून पुसा आणि प्लगच्या वायरीही पुसा. मी जूनपासून गणपतीपर्यंत डॅशबोर्डच्या खणात जुन्या सुती साडीचा तुकडाच ठेवायचे. गाडी एका सेल्फमध्ये लागते.

एक विचारू? त्या यांत्रिक पार्किंगचं माप घेतलंत का? लांबी-रुंदी सगळे बघतात. उंची बघा.

---

ठाकुरद्वार_नाका (धागाकर्ता)

रविवारची_फेरी, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्या दिवशी साइटवर जाऊन नकाशा मागितला. आम्हाला मिळणाऱ्या पाळण्याची आतली उंची १.५५ मीटर. फियाट साधारण १.४७. अँबेसेडर १.६० च्या घरात.

बसतच नाही. टायरची हवा काढली तरी बसणार नाही. इंजिनिअर म्हणाला, वरच्या पातळीला जास्त उंची आहे, पण ती जागा वाटून झाली आहे. मी शेजारी आजोबांना विचारूनही आलो, त्यांची नवीन उंच गाडी तिथे येणार आहे. बरोबरच आहे.

मामीला फोन केला. कसं सांगावं कळत नव्हतं. ती म्हणाली, 'अरे, गाडी इथेच पडवीत राहू दे. मी कुठे म्हटलं मुंबईला ने? चालवणाऱ्याच्या हातात राहू दे म्हटलं.' मामेभावाला घाटातल्या त्या सकाळपासून गाडीचं वेड लागलंय. तो दर रविवारी ढोल्या गणपतीपर्यंत नेऊन आणणार आहे. मी वाईला जाईन तेव्हा किल्ली माझ्याकडे. तिच्या ब्रेकची अस्तरं आणि व्हील सिलिंडर मी बदलून देणार, तेवढं माझ्याकडे.

परत निघायच्या आधी मामी फाटकाशी आली होती. अँबेसेडरच्या पुढच्या सीटवर जरा बसली. मामाच्या पायाने झिजलेली डिपरची, म्हणजे पुढच्या दिव्यांचा झोत वर-खाली करायची, गोल कळ आहे ना खाली, क्लचच्या डावीकडे, तिच्याकडे बघत होती. मग उतरली आणि पदराने दाराची मूठ पुसली.

तर फियाट मुंबईत. पाटा_आणि_पाना, आता तो डावा उंबरा. कापून नवा पत्रा जोडायचा की आतून पट्टी मारून भागेल?

---

पाटा_आणि_पाना

पट्टी नको. पट्टीच्या आत पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत तीच जागा पुन्हा जाते. चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचं आणि नवा तुकडा वाकवून वेल्ड करायचा, आतून रेड ऑक्साइड, मग मेण. दारं मात्र काढायची नाहीत. आधी खालून टेकू द्यायचा, दारं बंद ठेवूनच वेल्डिंग करायचं. नाहीतर पेटी जरा वाकते आणि नंतर दार लागत नाही.

रंग बाहेर करायची घाई करू नकोस. गिअरच्या सळ्यांचे बुशही त्याच वेळी बदलून टाकू, मधली_सीट यांच्या वडिलांसारखा हात भाजायला नको.

शनिवारी सकाळी आण. इंजिन पूर्ण थंड होऊ देतो, मग हेडचे नटही बघून घेतो.

---

मधली_सीट

मी शनिवारी परळला येऊन बघू शकते का? फक्त बसायचं आहे थोडा वेळ. पुढच्या सीटवर, मधे.

---

ठाकुरद्वार_नाका (धागाकर्ता)

नक्की या. साडेआठला पोचतो. आईपण येणार आहे, आपण तिघं पुढेच बसू.